परबकाकांची हवेतली रेल्वे

आत्ताच्या आत्ता सांगते, नाहीतर जेवणाची सुट्टी संपेल आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यातून अर्धं उडून जाईल. आज सकाळच्या टपालात एक पाकीट परत आलंय. आमचंच पाकीट, पत्ता मीच टाईप केलेला. पॉलिसीची मुदत संपत आली, पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायची असेल तर या, असं कळवणारं छापील पत्र. पोस्टमनने पत्त्यावर निळी आडवी रेघ मारलीय आणि बाजूला लिहिलंय, "खोली सोडून गावी गेले." वैद्य साहेबांनी ते बघितलं, चष्मा काढला, दोन बोटांनी डोळे दाबले आणि म्हणाले, "फाइल बंद करा, मिस शिंदे."

फाइल बंद करायला दोन मिनिटं लागतात. वर तारीख, खाली सही, लाल फीत. पण ही फाइल बांधायच्या आधी कोणालातरी सांगायलाच हवं यार, कारण हिच्यात एक आख्खी रेल्वे आहे. अकरा स्टेशनं, चार बोगदे, दोन पूल आणि पाच इंजिनं. म्हणजे आता चारच. ते पाचवं कुठे गेलं तेच तर सांगायचंय.

मी घाटकोपरला एका इन्शुरन्स कंपनीच्या ब्रँचमध्ये टायपिस्ट आहे. स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगचा दुसरा मजला, खाली भांड्यांचं दुकान, त्यामुळे दिवसभर कोणीतरी पातेली वाजवून बघत असतं. कामं बहुतेक साकीनाक्याची. छोटे कारखाने, त्यांची गोदामं, त्यांच्या आगी. आमच्याकडे सगळेच दमलेले असतात. येणारे दमलेले, बसलेले दमलेले, आणि सगळ्यात दमलेले वैद्य साहेब, आमचे असिस्टंट मॅनेजर. कुठलीही फाइल उघडायच्या आधी ते चष्मा काढून डोळे दाबतात, आणि मगच उघडतात. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं आहे, "नवीन काही काढू नका." मी एकटीच धावत टाईप करते, आणि त्या धावण्यामुळेच हे सगळं झालं.

मागच्या वर्षीच्या आधीचा डिसेंबर. परबकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. आमच्या ऑफिसात कोणी चपला काढत नाही, रस्त्यावरसुद्धा आमच्यापेक्षा कमी धूळ असेल. काटकुळे, साठीच्या आसपास, स्वच्छ धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट, हातात गिरणीच्या कापडाची पिशवी. उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं, त्यामुळे ते काही दाखवायचं असलं की करंगळीने दाखवायचे.

"इन्शुरन्स काढूचो असा," ते म्हणाले.

"कशाचा? दुकान आहे की गाडी?"

"गाडी."

"स्कूटर ना?"

"रेल्वे."

मी हसले. ते हसले नाहीत. मागे तीन माणसं उभी होती, त्यातला एक दारात टॅक्सी थांबवून आलेला.

आमचा फॉर्म इंग्रजीत असतो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला एकेक प्रश्न वाचून दाखवायचा, मराठीत समजावायचा, उत्तर टाईप करायचं, आणि शेवटी खाली आपण सही करायची, की हे मी ह्यांना ह्यांच्या भाषेत समजावून सांगितलं आणि ह्यांना ते मान्य आहे. ह्या ब्रँचमध्ये ती सही बहुतेक वेळा माझी असते. तर मी विचारत गेले.

"ठिकाण?"

"डोंगरावरची चाळ. खोली नंबर नऊ."

"कुठल्या मजल्यावर?"

"हवेत."

"काका, टिंगल नका ना करू, मागे लाईन आहे."

"टिंगल नाय गो चेडवा. वर टांगलेली असा. खाली जागा खंय?"

चेडू म्हणजे मुलगी, मालवणीत. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही, शेवटपर्यंत मी चेडवा. मी टाईप केलं, छताला टांगलेली. मग वर्णन. त्यांनी पिशवीतून कागद काढला, त्यावर सुबक अक्षरात सगळं लिहिलेलं, किती रूळ, किती स्टेशनं, किती बोगदे, सगळं क्रमाने. मी ते इंग्रजीत करत खटाखट टाईप केलं, कागद ओढला, शिक्का मारला, पुढचा माणूस. फॉर्म वरच्या ऑफिसला गेला. आणि त्या घाईत माझ्याकडून एक शब्द राहिला. "मॉडेल" हा शब्द. तो पुढे फार महाग पडला, पण ते नंतर.

त्यानंतर परबकाका दर बुधवारी यायचे. बुधवार का, तर साकीनाक्याच्या ज्या वर्कशॉपमध्ये ते साचे घासायचं काम करायचे तिथे बुधवारी लाईट नसायची. भिंतीकडच्या बाकावर बसायचे, बरोबर बंद पंख्याखाली. चालू पंख्याखालची जागा दुसऱ्या कोणासाठी ठेवायचे. "माझं काम झालं का" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी मान वर केली की करंगळी उचलून, गाडीला वाट मोकळी झाली का अशा अर्थाने विचारायचे, "सिग्नल पडलो काय?" मी मान हलवायची, नाही. ते म्हणायचे, "पडतलो." आणि बसून राहायचे. पोस्टाची रांग असो, रेशनचं रॉकेल असो, आमच्या पंख्याचा मेकॅनिक असो, सगळ्यावर त्यांचं उत्तर तेच. येतलो. येतली. येतलां. म्हणजे येणार. ते आशेने म्हणायचे असं मला कधीच वाटलं नाही. पाऊस थांबायची वाट बघताना माणूस भिंतीला टेकतो ना, तसे ते त्या शब्दाला टेकायचे.

बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मला तुकड्या तुकड्यात सगळं सांगितलं. ते गिरणीत फिटर होते. काम फिटरचं, पण हजेरीपटावर बदली. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी उभा राहायचा तो. असे बावीस वर्षं ते रोज सकाळी दारात उभे राहिले आणि रोज कोणाच्यातरी नावावर आत गेले. मग संप झाला, गिरणी बंद पडली, आणि हिशेब घ्यायला गेले तर पटावर त्यांचं नावच कायमच्यांत नव्हतं. "बावीस वर्सां मी खंय होतंय ता खंयच लिवलेला नाय," ते म्हणाले, आणि पिशवीची घडी नीट केली.

इंजिनं दिली गिरणीतल्या एका पारशी मास्तरांनी. एकटा माणूस, घरी परदेशी खेळण्यातली... नाही, काकांसमोर हा शब्द चालत नसे, परदेशी बनावटीची छोटी इंजिनं जमवायचा. एक बिघडलं तर वर्कशॉपात घेऊन आला, परबकाकांनी घड्याळाचं तेल घालून चालू करून दिलं. मग दर महिन्याला एक. देश सोडून मुलीकडे गेला तेव्हा जाताना आख्खी पेटी ह्यांना देऊन गेला. पाच इंजिनं, डबे, रूळ. स्टेशनं, डोंगर, पूल, माणसं हे सगळं मात्र काकांनी स्वतः केलं, पंधरा वर्षं बसून. माडाची झाडं जळलेल्या मोटरमधल्या तांब्याच्या तारांची.

आणि ही रेल्वे कुठली, तर कोकणातली. जी अजून आलेलीच नाही. कोकणात रेल्वे येणार हे माझे आजोबासुद्धा ऐकत होते. काकांच्या गावी, कातळवाडीला, ते लहान असताना कधीतरी मोजणीवाले आले आणि त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एक खुंटी मारून गेले. इथून गाडी जाणार म्हणून. परत कोणी आलं नाही. त्या खुंटीला काकांची आई शेळी बांधायला लागली. शेळ्या बदलल्या, खुंटी तीच.

"आये नव्वदीची झाली," काका म्हणाले. "तिणां अजून रेल्वे बघूक नाय. दर चिठयेत इचारता, गाडी खंय पोचली? मी लिवतंय, येतली. आता मीच घेऊन जातलंय. मे म्हयन्यात, टेम्पोत घालून. पण वाटेत घाट, खड्डे. कागद केल्याशिवाय हलवूचंय नाय. तोंडी कायच ऱ्हवत नाय गो."

तर एवढंच होतं त्यांना हवं. मे महिन्याच्या आत एक कागद, त्यात त्यांच्या रेल्वेचं नाव, म्हणजे आई असेपर्यंत ती तिच्यापुढे नेता येईल. आणि मी डिसेंबरमध्येच त्याची वाट लावून ठेवली होती.

जानेवारीत वरच्या ऑफिसचं पत्र आलं. जाडजूड. मोठ्या कारखान्यांच्या आवारात स्वतःचे रूळ असतात, मालगाडी आत यायला, त्यांच्यासाठी एक चार पानी प्रश्नावली असते. ती पाठवली होती. घाटकोपरच्या डोंगरावर, छताला टांगलेली अकरा स्टेशनांची रेल्वे, आणि कोणाला काही वाटलं नाही, कारण वरच्या ऑफिसातही सगळे दमलेलेच. मी फाइल काढून माझी कॉपी बघितली आणि मला घाम फुटला. रेल्वे, एक. मॉडेल कुठेच नाही.

बुधवारी काका आले. मी रडायच्या बेताला आले होते. म्हटलं, "काका, माझी चूक झाली. एक शब्द राहिला. आता हे परत पाठवायचं, परत नवीन फॉर्म, महिना जाणार."

त्यांनी पत्र हातात घेतलं. "काय इचारतंत?"

मी एकेक प्रश्न मराठीत सांगितला, बाजूला पेन्सिलने लिहूनही दिला. लाईनची लांबी किती. कर्मचारी किती. फाटकं किती. गेल्या तीन वर्षांत अपघात किती. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता, म्हणजे दमलेला माणूस खुर्ची मिळाल्यावर कसा होतो, तसा. शेवटी म्हणाले, "माका दी. घराक नेतंय."

"काका, अहो ते खऱ्या रेल्वेसाठी आहे."

"होय तर," ते म्हणाले.

पुढच्या बुधवारी चारही पानं भरून आली. त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. ही कॉपी आत्ता माझ्यासमोर आहे, तेच उतरवून देते. लांबी, अठ्ठावीस फूट, वळणे धरून. कर्मचारी, एक, शिक्षण सातवी. रात्रीचा पहारा, पत्नी. फाटके दोन, पैकी एकावर माणूस आहे, आगपेटीच्या काडीचा, हिरवा बावटा धरून, आणि पुढे लिहिलंय, "परमनंट." दुसऱ्या फाटकावरची जागा भरायची आहे. अपघात, एक. पाल रुळावर आली, गाडी घसरली, पाल सुखरूप. प्रवासी वाहतूक सुरू आहे काय? अजून नाही.

मी म्हटलं, "काका, हे पाठवलं तर मला नोकरीवरून काढतील."

"नाय काढूचे," ते म्हणाले. मग चारही पानं सारखी करत म्हणाले, "चेडवा, पंधरा वर्सां बघतंत सगळे. कोण हसता, कोण वा वा करता. पण तुज्या चुकीन पयल्यांदा कोणीतरी तिका रेल्वे समजान इचारल्यान."

मी ते पाठवलं. नवीन फॉर्म पण बरोबर जोडला, ह्या वेळी मॉडेल शब्दासकट. आठवड्याने वैद्य साहेबांना फोन आला. पलीकडून पहिल्यांदा हसण्याचा आवाज येत होता, मग ओरडण्याचा. साहेब "हो सर, हो सर" करत राहिले. फोन ठेवून डोळे दाबले. "मिस शिंदे, एक शब्द," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "पाल सुखरूप," आणि पुढची फाइल उघडली. पण जागेवर जाऊन बघून या असा हुकूम आला होता, म्हणून मार्चमध्ये आम्ही दोघं त्या डोंगरावर चढलो. साहेब दर वीस पायऱ्यांना थांबत होते.

खोली दहा बाय बारा. काकींनी दार उघडलं. परबकाकी म्हणजे काकांच्या अर्ध्या उंचीच्या आणि दुप्पट आवाजाच्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "इन्शुरन्सवाले काय? मगे माझो पण काढा. पंधरा वर्सां माझ्या डोक्यार रेल्वे असा, खयच्या दिवशी पडात त्येचो नेम नाय."

"पडूची नाय," काका म्हणाले. "गिरणीचे कप्पे असत ते."

"गिरणी पडली मरे," काकी म्हणाल्या.

मग सुरुवात झाली. काकींनी स्टो उचलून गॅलरीत ठेवला, पाण्याची कळशी सरकवली, खाट उभी केली, वैद्य साहेबांना "तुमी जरा भितीक लागान ऱ्हवा" म्हणून भिंतीला चिकटवलं. काकांनी कोपऱ्यातले दोर सोडले. चार कप्प्यांवरून, म्हणजे दोर ओढायच्या चाकांवरून, सहा बाय चारचा एक प्लायवूड छतापासून सुटला आणि अगदी सावकाश खाली यायला लागला, कुरकुर नाही, काही नाही. खालून आधी फक्त काळी फळी दिसत होती. मग ती आमच्या नजरेच्या खाली गेली आणि डोंगर दिसले, खाडी, माड, कौलारू घरं, आणि बारीक बारीक पाट्या असलेली स्टेशनं. मी कॅलेंडरवरचं चित्र बघावं तसं बघत राहिले.

काकांनी बटण दाबलं. छोटं हिरवं इंजिन तीन डबे घेऊन निघालं. बोगद्यात गेलं, बाहेर आलं, पूल ओलांडला. प्रत्येक स्टेशनवर काका थांबवत होते. शेवटचं स्टेशन कातळवाडी. त्याच्या मागे एक घर, घराला खळं, खळ्यात खुंटी, खुंटीला शेळी. शेळी तांदळाएवढी.

वैद्य साहेब वाकून बघत होते. कपाळावर घाम. चष्मा पुसून म्हणाले, "ह्या स्टेशनात चहा मिळतो का हो?"

"मिळता तर," काका म्हणाले आणि करंगळीने दाखवलं. फलाटावर नखाएवढा स्टॉल होता.

"बरं," साहेब म्हणाले. उतरताना ते एका पायरीवर बसले. मला वाटलं धाप लागली. म्हणाले, "मिस शिंदे, रिपोर्टात लिहा, चांगल्या स्थितीत आहे. देखभाल उत्तम." पुन्हा उठताना म्हणाले, "आपल्या ब्रँचपेक्षा."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे मात्र भांडण झालं आणि ते रकमेवरून झालंच नाही, एका शब्दावरून झालं. वरच्या ऑफिसने मंजुरी दिली, पण घरातल्या सामानाच्या पॉलिसीत घालायला सांगितलं, आणि तिथे रकाने ठरलेले. फर्निचर, भांडी, दागिने, कपडे, आणि शेवटी खेळणी. मॉडेल नावाचा रकाना नाही. म्हणून "टॉइज". टॉइज, एक संच, सोबत वस्तूंची यादी. मीच टाईप केलं. टाईप करताना मला कळत होतं.

काका इंग्रजी वाचत नसले तरी अक्षरं ओळखायचे, गिरणीतल्या पाट्या वाचून. त्यांनी करंगळी त्या शब्दावर ठेवली. "ह्यां काय?"

मी सांगितलं.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. आवाज अजिबात चढवला नाही. "बावीस वर्सां फिटरचां काम केलंय, पटार बदली म्हणान लिवल्यानी. आता हिका खेळणी म्हणान लिवतंत. मी सही करूचंय नाय." दाराबाहेर गेले, चपला घातल्या, गेले.

वैद्य साहेबांनी वर पत्र पाठवलं. खरं सांगते, मला वाटलं नव्हतं ते पाठवतील, नवीन काही न काढणारा माणूस. शब्द बदलून मिळावा. उत्तर आलं, असा रकाना नाही. दुसरं पाठवलं. उत्तर आलं, ह्या विषयावर पुन्हा पत्र नको. एप्रिल असाच गेला. काका बुधवारी यायचे, बंद पंख्याखाली बसायचे, "सिग्नल?" मी मान हलवायची. सही नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून टेम्पो नाही, आणि गावाला आई दिवस मोजतेय. आम्ही तिघंही हटायला तयार नव्हतो असं नाही, तिघांच्याही अंगात काही करायची ताकद उरली नव्हती. मी, साहेब आणि काका.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते शुक्रवारी आले. शुक्रवारी. मी तेव्हाच ओळखलं. हातात आंतर्देशीय पत्र होतं, पुतण्याचं. आजीच्या, म्हणजे काकांच्या आईच्या, एका डोळ्याची नजर गेलीच होती, आता दुसऱ्याचीही धूसर झालीय. दाखवायची असेल तर लगेच आणा.

"दी तो कागद," काका म्हणाले.

मी काढला. नियमाप्रमाणे शेवटची ओळ वाचून दाखवली, की मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे आणि तो मला मान्य आहे. म्हटलं, "मान्य आहे ना, काका?" विचारावं लागतं.

"मान्य नाय," ते म्हणाले. "पण सही करतंय. तू लिव, मान्य असा म्हणान."

त्यांनी सही केली. फिटर माणसाची सही, एकेक अक्षर कानशीने घासल्यासारखं. त्याच्याखाली मी माझी केली. आजवर शेकडो वेळा केलीय ती सही, पण त्या दिवशी पेन लिहीना. शाई होती. मीच दाबत नव्हते.

निघायच्या दिवशी सकाळी मी पॉलिसी द्यायला डोंगराखाली गेले, कारण ती प्रवासात बरोबर असावी लागते. टेम्पो उभा होता. प्लायवूड गोधड्यांत गुंडाळून, गिरणीच्याच दोरांनी बांधलेला. पाच इंजिनं काकींच्या मांडीवर, पत्र्याच्या डब्यात, तांदळात खुपसून. काकी पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या होत्या. "येवा गो गावाक," त्या मला म्हणाल्या, "इतके तांदूळ असत, भात घालतंय." काका मागे, फळीला हात लावून. मी पॉलिसी दिली. त्यांनी ती न उघडता शर्टाच्या आत ठेवली.

जूनमध्ये ते एकटेच परत आले. बुधवारी. पावसाने भिजलेले, चपला बाहेर. बाकावर बसले नाहीत, सरळ माझ्या टेबलाशी. "एक इंजिन यादीतून काढूचा असा."

मी घाबरले. "मोडलं?"

"नाय."

ते दोघं पोचेपर्यंत आयेची नजर गेली, असं त्यांनी सांगितलं, हवामान सांगावं तसं. खळ्यात बाज टाकून तिला बसवलं, पुढ्यात फळी ठेवली, आणि तिचा हात धरून एकेक दाखवलं. हे स्टेशन. ही कौलं. ही खुंटी. "शेळी वळखल्यान," काका म्हणाले. "बोट लावल्याबरोबर. म्हणता, ही पांढरी काय रे?" मग गाडी सुरू करायला गेले तर गावातली वीज गेली. थोडा वेळ वाट बघितली. येतली म्हणाले असतील. मग त्यांनी हिरवं इंजिन हाताने ढकललं, अठ्ठावीस फूट, वळणं धरून, आणि शिट्टी तोंडाने मारली. कातळवाडीला आल्यावर आईने ते उचलून तळहातावर घेतलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, इली."

एवढंच. इली म्हणजे आली. आणि मग ते इंजिन तिने सोडलंच नाही. झोपताना उशाशी, जेवताना मांडीवर. म्हणून काका ते तिथेच ठेवून आले, आणि आता यादीत चार आणि पॉलिसीत पाच, हे त्यांना चालेना. कागद खरा हवा.

यादीतून वस्तू कमी करायचा छोटा फॉर्म असतो, त्यात कारण लिहावं लागतं. मी वाचून दाखवलं. विकली, हरवली, मोडली, चोरीला गेली.

"ह्यातला कायच नाय," काका म्हणाले. "लिव, गावाक पोचली."

मी कागद मशीनमध्ये घातला. वस्तूचं वर्णन पॉलिसीप्रमाणे जसंच्या तसं उतरवायचं असतं, खेळण्यातलं इंजिन, क्रमांक तीन, हिरवं. मी टाईप केलं, इंजिन, क्रमांक तीन, हिरवं. कारण, गावी पोचलं. इंग्रजीत ते फार साधं दिसलं, एखाद्या खऱ्या स्टेशनमास्तरने पाठवल्यासारखं. मग वैद्य साहेबांकडे नेलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे दाबले, चष्मा लावला, वाचलं. पुन्हा पॉलिसीची कॉपी काढून ताडून बघितलं.

"मिस शिंदे," ते म्हणाले, "एक शब्द गाळलाय."

"हो सर."

खाली कोणीतरी पातेलं वाजवून बघत होतं. साहेबांनी सही केली.

मी काकांना त्यांची कॉपी दिली आणि सांगितलं त्यात काय आहे आणि काय नाही. त्यांनी करंगळी त्या ओळीवरून हळूहळू सरकवली, पुढे नेली, परत आणली. मग कागदाची चौपदरी घडी करून शर्टाच्या आत ठेवली. दारात जाऊन चपला पायात सरकवताना भिंतीला हात टेकला, मागे न बघताच म्हणाले, "सिग्नल पडलो गो चेडवा," आणि जिना उतरायला लागले, एकेक पायरी, कठडा धरून. मला शेवटची दिसली ती त्यांची पाठ. नंतरच्या बुधवारी ते आले नाहीत, त्याच्या नंतरच्याही नाही, आणि मी एकदाही डोंगर चढून गेले नाही, रोज उद्या जाऊ म्हणत राहिले.

आज पाकीट परत आलंय. साहेबांनी फीत माझ्या टेबलावर ठेवलीय. सुट्टीची पाच मिनिटं उरलीत, म्हणून घाईघाईत विचारते. तुमच्या हातून कधी असं झालंय का, की घाईत एखादा शब्द राहून गेला, आणि नेमकं त्यामुळेच समोरच्या माणसाचं खरं नाव एकदा तरी कागदावर लागलं? आणि नंतर सगळं नियमाने, नीट टाईप केलंत, तेव्हा ते परत पुसलं गेलं, असं?